वालूरची दारू, चुडाव्याची बंदूक

दाजी, तुमच्या मयताला बार उडाला न्हाई.

हे तुमाला सांगायची गरज न्हाई म्हणा. तुमी तिथंच होता, अंगणात, तिरडीवर, आणि बंदूक माझ्या हातात होती. पण बोलावं कुणापाशी? चुडाव्यात तोंड दाखवायची सोय उरली न्हाई. आक्का माझी थोरली बहीण असली तरी तुमची बायको हाय, तिच्यापुढं मान वर होत न्हाई. म्हणून तुमालाच लिहायलोय. तुमी असता तर आधी पोट धरून हसला असता, मग डोळे पुसत म्हणला असता, "बसा मेव्हणे, चहा घ्या."

परक्या माणसाला वाटंल, एका बाराचं एवढं काय घेऊन बसला. त्याला काय ठाऊक! तुमची ठासणीची बंदूक गावात एकुलती एक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा घालायचा, गजानं ठासायचं, मागं ठिणगीची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. शेतराखणीच्या परवान्यावरची बंदूक, पण तुमी उभ्या जन्मात एक जनावर मारलं न्हाई. हरभऱ्यात रोही शिरली की आभाळाकडं नळी करून बार काढायचा. रोही एकीकडं पळायची, तुमी दुसरीकडं खोकत बसायचा. खरा मान पोळ्याचा. वेशीत बैलं उभी राहिली की तुमी बार काढायचा, मग तोरण तुटायचं. बार झाल्याबिगर चुडाव्यात पोळा फुटत नसायचा.

आणि दारू! त्या दारूवरून आपण जेवढं भांडलो तेवढं भाऊ-भाऊ शेताच्या धुऱ्यावरून भांडत न्हाईत.

तुमची दारू दुकानची. बैलाच्या शिंगड्यात भरून, लाकडी बुच मारून, माजघराच्या कोरड्या भिंतीला टांगलेली. त्या शिंगड्याला कुणी ओला हात लावला तर तुमी खेकसायचा. आमची दारू आजोबाची. निजामाच्या राज्यात आजोबा वालूरच्या रखवालीला होते. शोरा, गंधक आणि रुईचा कोळसा कुटून त्यांनी ती हातानं केलेली. पितळी डबा, डब्यावर कोरलेलं नाव: कोंडिबा, वालूर. आजोबा गेले, त्यांची बंदूक सरकारजमा झाली, डबा तेवढा राहिला. आमच्या घरात सांगण्यासारखं दुसरं काय होतं हो? जमीन बेताची, शिक्षण बेताचं. एक डबा होता. पाव्हणा आला की मी डबा दाखवायचो.

एकदा मी तो तुमच्याकडं घेऊन आलो. सेलूला पॅसेंजरमध्ये बसलो, डबा मांडीवर. शेजारच्या म्हाताऱ्यानं बिडी पेटवली तर मी त्याला हात जोडले, "बाबा, खिडकीपल्याड ओढा, डब्यात देवाचं हाय." परभणी गेली, पूर्णा गेली, चुडावा येईपर्यंत माझा जीव टांगणीला. तुमाला सांगितलं तर तुमी कपाळावर हात मारला. "रेल्वेत दारू? आन मांडीवर? आरं खुळ्या, जाळून घेतलं असतंस सगळ्या डब्याला!" मग तुमी झाकण काढलं, बोट घातलं, वास घेतला आणि तुमचं तोंड बदललं. दारूचे खडे झालेले. वर पांढरी बुरशीसारखी साय. मधूनमधून पिवळं, लाल. तुमी चिमटीत तांदळाचा दाणा धरून मला दाखवला.

"दिगू, ही दारू हाय का पंचामृत?"

आता दसऱ्याला शस्त्राची पूजा सगळेच करतेत. आमच्याकडं शस्त्र उरलं न्हाई म्हणून आई डब्याची करायची. झाकण उघडून हळद-कुंकू, अक्षता, आणि फुलानं पाणी शिंपडायची. आजोबा गेल्यापासून दर दसऱ्याला. आई गेल्यावर मी तेच चालवलं. तुमी लय सबुरीनं सांगितलं, "पाणी लागलं की शोरा सुटतो. ही पांढरी साय शोऱ्याची. मेली रे ही दारू. पूजा करकरून मारली तुमी." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हणलं, दाजी, तुमची दुकानची दारू आमच्या आजोबाच्या दारूपुढं चुलीतली राख हाय. तुमी म्हणलात, "बरं." तुमच्या त्या 'बरं'चा मला जेवढा राग यायचा तेवढा कुणी शिवी दिली तरी येत नसायचा.

नंतरच्या पोळ्याला मी मुद्दाम आलो. वेशीपाशी सगळा गाव. बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, आणि मी आपला डबा काखेत मारून उभा. तुमी बंदूक पुसायलेलात. मी चारचौघांत आवाज चढवला, "आज आमची भरा. न्हाईतर म्हणा की सासुरवाडीच्या दारूचं भ्या वाटतं!" लोक हसले. तुमचे जोडीदार किसनबुवा म्हणले, "भरा की माणिकराव, होऊन जाऊ द्या." तुमी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि म्हणलात, "बरं. आण इकडं. नळी कोरडी करून भरून आणतो." डबा आणि बंदूक घेऊन तुमी घरात गेलात, भरून बाहेर आलात आणि बार काढला.

काय बार होता हो तो! तोरणाची पानं गळाली. किसनबुवाचा पटका पडला. एक जोडी दावं तोडून शिवारात गेली ती दिवस कलल्यावर सापडली. धूर निवला तर तुमी कान चोळायलेलात, आणि सगळ्या गावापुढं मला वाकून म्हणलात, "मानलं मेव्हणे. हरलो." मी मिशीला पीळ दिला. आता ते आठवलं की वाटतं, मिशी उपटून टाकावी.

त्या बारावर मी किती जगलो दाजी! वालूरला पारावर, सेलूला आडतीत, लग्नात, बारशात, बसमध्ये. आजोबाची दारू, पोळ्याचा बार, दाजीची हार. तुमच्या तोंडावर तर किती वेळा! जेवायला बसलो की काढायचो. "काय दाजी, कशी वाजली मेलेली दारू?" तुमी घास चावत म्हणायचा, "लय वाजली बाबा." दरसाली मी म्हणायचो, औंदा पुन्हा आमचीच भरा. तुमी डबा मागं सारायचा. "एवढी भारी दारू असी उठसूट उडवायची असती व्हय? ठिव. माझ्या मयताला उडव."

मी ते खरं धरलं. नुसतं धरलं न्हाई, मनात जपून ठेवलं. मला वाटायचं, एवढं वाद घालणारा माणूस शेवटी आपल्याच घरची दारू मागतो.

तुमी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी डबा घेतला, मग चपला.

तिरडी बांधून झाली होती. किसनबुवाच म्हणले, ह्यांच्या बाराबिगर कधी पोळा फुटला न्हाई, एक बार त्यांना होऊ द्या. पोलीस पाटलांनी तोंड फिरवलं. म्हणले, मी काही बघितलं न्हाई. मी बंदूक काढली, डबा उघडला. आक्का तुमच्या उशाला बसली होती. रडता रडता तिनं मान वर केली, डब्याकडं बघितलं आणि म्हणाली, "दिगू, शिंगड्यातली घे."

मी ऐकलं न्हाई असं केलं. ती पुन्हा म्हणाली, "दिगू, ऐक माझं. शिंगड्यातली घे रे."

आणि मी तिच्यावर ओरडलो. तुमच्या देहापाशी, सगळ्या गावापुढं, "आज तरी सासरची बाजू घेऊ नको! त्यांनीच मागितली होती ही!" बायका माझ्याकडं बघत राहिल्या. मी खडे बोटानं फोडून नळीत घातले, बोळा घातला, गजानं ठासला, टोपी बसवली. नळी आभाळाकडं केली. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. चाप ओढला.

टक.

मग बारीक सुर्र असा आवाज, आणि टोपीपाशी बिडीएवढा धूर. बस. लोक कानावर हात ठेवून तसेच उभे. मी दुसरी टोपी लावली. पुन्हा टक. मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि एकदा हसू फुटलं की मयत असो का मांडव असो, ते आवरत न्हाई. काय झालं बघावं म्हणून मी नळी खाली केली, तोंड सरळ माणसांकडं. तेव्हा आक्का ओरडली, "नळी वर धर! भरलेली हाय ती!" तुमी किती वेळा सांगितलं होतं, बार न्हाई झाला तरी बंदूक भरलेलीच समजायची. ज्या बाईचा नवरा समोर निजवलेला, तिला रडणं थांबवून हे मला शिकवावं लागलं. कुणीतरी म्हणलं, "राहू द्या पाव्हणं, उशीर व्हायलाय." तिरडी उचलली. मी बंदूक भिंतीला टेकवली आणि सगळ्यांच्या मागून चाललो. खांदा द्यायलासुद्धा पुढं झालो न्हाई. तुमाला खांदा दिला न्हाई दाजी मी. लाजच एवढी वाटायलेली.

राख सावडल्यावर पोलीस पाटील आले. परवाना तुमच्या नावाचा, तुमी न्हाई, तर बंदूक ठाण्यात जमा करायची. "पण भरलेली कशी नेता? आधी मोकळी करा." म्हणजे माझी मेलेली दारू तुमच्या बंदुकीच्या पोटात बसलेली आणि ती मलाच काढायची. मला ते येत न्हाई. आक्कालाच विचारावं लागलं. तिनं अंगणात निंबाखाली पाट ठेवला, तांब्या आणला, नळीत पाणी ओतलं. "भिजू दे. घाई करू नको. हे घाई करत नसत." मग तिनं गजाला लावायचा पेच दिला, तुमी बोळा ओढायला वापरायचा तो. मी फिरवत राहिलो. बोळा आला, मागून काळा चिखल आला. आक्का पाण्यावर पाणी ओतायली.

मी म्हणलं, "आक्का, त्या पोळ्याला हीच दारू कसली वाजली होती. आताच काय झालं हिला?"

आक्काचा हात थांबला. तिनं तांब्या खाली ठेवला. "तुला खरंच कळलं न्हाई का रं अजून?"

दाजी, मला त्या क्षणाला कळलं. तिनं बोलायच्या आधी कळलं. तरी ती बोलली आणि मी ऐकलं. त्या पोळ्याला तुमी घरात आलात, आमच्या डब्यातली चिमूटभर चुलीत टाकून बघितली. ती नुसती सुरसुरली. मग तुमी बाराएवढी दारू डब्यातून काढून अंगणातल्या मोगऱ्याच्या बुडात टाकली, मी उघडून बघितलं तर कमी दिसावी म्हणून. आणि नळीत शिंगड्यातली भरली. आक्का म्हणाली, "नेहमीपरीस जास्तच घातली. मी म्हणलं, अवो, कान फुटतील. तर म्हणले, आज मेव्हण्याची इज्जत हाय, आवाज मोठा पाहिजे."

मी विचारलं, मला सांगितलं काहून न्हाई मग? एवढी वर्षं मी त्यांच्या तोंडावर फुशारकी मारायलो, तूही ऐकायलीस!

"मी लय वेळा म्हणलं, आता सांगा. न्हाई म्हणायचे. दिगूला घरचं एक तरी भारी असू दे म्हणायचे. मयताला उडव म्हणले ते त्याच्याचसाठी. म्हणायचे, मी मेल्यावर कोण बघतंय, तेव्हा तू शिंगड्यातली देशील काढून."

मी नळी धुवायलो होतो. काळं पाणी मोगऱ्याकडं वाहत गेलं. मला रडू आलं न्हाई, नुसती लाज आली, अंगावर गरम पाणी ओतावं तशी. तुमी तुमच्या मयताचासुद्धा बंदोबस्त करून ठेवला होता, माझी फजिती होऊ नये म्हणून. आणि मी तोच हाणून पाडला, वर तिच्यावर ओरडून. माणसानं किती आडमुठं असावं?

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर! तेरवीला पंगतीत किसनबुवा माझ्या शेजारी बसले. भला माणूस. माझं पडलेलं तोंड त्यांना बघवंना. मोठ्यानं म्हणले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पाव्हणं, मनाला लावून घेऊ नका. पावसाळी हवा, दारू सादळली. न्हाईतर त्या पोळ्याला अख्ख्या गावानं ऐकली की तुमची दारू!" पंगत माझ्याकडं बघायली. आक्का बुंदी वाढत वाढत माझ्या पानापाशी आलेली.

तेव्हा बोलायचं होतं दाजी. 'बुवा, तो बार आमचा नव्हता' एवढंच बोलायचं होतं. घशापर्यंत आलं. आणि मी काय म्हणलो? "हौ बुवा. सादळली."

आक्कानं माझ्या पानात बुंदी वाढली. "खा," म्हणाली. डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तुमी 'बरं' म्हणताना तुमच्या डोळ्यांत असायचं तेच तिच्या डोळ्यांत होतं. ती बुंदी मी खाल्ली. कशी खाल्ली माझं मला ठाऊक.

निघताना तिनं डबा आणून दिला. मी म्हणलं, फेकून दे तो, मला नको. ती म्हणाली, "ने. आजोबाचा हाय." हातात घेतला तर जड. मी झाकण उघडलं. खडे न्हाईत, साय न्हाई, हळद न्हाई. काळीभोर, मोहरीसारखी मोकळी, कोरडी दारू. तुमचं शिंगडं पाटलांनी रिकामंच जमा करून घेतलं होतं, मला वाटलं संपली असंल. आक्का खालमानेनं म्हणाली, "आता ही वाजंल. कुणी इचारलं तर तू खोटा पडणार न्हाईस."

तुमी दोघांनी मिळून काय आरंभलंय हो हे? एकानं जिवंतपणी केलं, दुसरीनं विधवा होऊन. मी असा कोण लागून गेलो?

तीच पॅसेंजर, तोच डबा, फक्त आता काखेत. येताना मात्र कुणाला हात जोडले न्हाईत. मी सगळ्यांकडं पाठ करून दाराशी उभा राहिलो, सेलू येईपर्यंत.

काल पुन्हा सेलूला गेलो. दारू आधी घरी कोरड्या बरणीत काढून ठेवली, तेवढी अक्कल तुमी दिलेली हाय. रिकामा डबा घेऊन भांड्यांच्या दुकानात गेलो, नाव घालायला. आमचे वालूरचे सखारामतात्या तिथं घागर घ्यायलेले. डबा बघताच त्यांची कळी खुलली. माझ्याकडून त्यांनी ती कथा इतक्या वेळा ऐकलीय की तेच दुकानदाराला सांगायले. "साधा डबा न्हाई बरं का ह्यो! ह्याच्या आजोबाची दारू. चुडाव्याला पोळ्यात उडवली तर बैलं दावं तोडून..."

"तात्या," मी म्हणलं, "तो बार माझ्या दाजींच्या दारूचा होता. आमची दारू मेलेली होती. त्यांनी गुपचूप बदलली, माझी लाज राखायला."

तात्यांनी हातातली घागर खाली ठेवली. दुकानातली माणसं बघायली. माझे कान तापले, पण बोललो ते बोललो. पहिल्यांदा बोललो. किसनबुवापुढं अजून बोलायचंय, ते चुडाव्याला येऊनच बोलीन, वेशीत, पोळ्याला.

दुकानदारानं आजोबाच्या नावावरून अंगठा फिरवला. "ह्याच्याखाली काय घालू?"

"माणिकराव, चुडावा."

त्यानं कोरायचं मशीन हातात घेतलं आणि माझ्या उतरलेल्या तोंडाकडं बघून हळू आवाजात विचारलं, "पुढं कैलासवासी घालायचं ना?"

"नको," म्हणलं. "नुसतं नाव घाला. त्यांची दारू जित्ती हाय."